म्हशीचे इंजेक्शन आणि आबांची ओळख

गेल्या महिन्यातली गोष्ट आहे. आठवडी बाजाराचा दिवस असल्यामुळे दवाखान्यात बरीच गर्दी होती. पन्नाशीचे एक ओळखीचे शेतकरी नंबर आल्यावर आत आले. बरोबर रुग्ण कोणीच नव्हता. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक लहानशी बाटली काढून टेबलावर ठेवली आणि विचारले, "डॉक्टरसाहेब, हे आबांना टोचलं तर चालंल का?"

बाटलीवर लेबल नव्हते. पण दूधदुभत्याच्या आमच्या भागात ती बाटली ओळखायला लेबलाची गरज पडत नाही. म्हैस पान्हा चोरू लागली की काही गोठ्यांतून जे इंजेक्शन गुपचूप टोचले जाते, तेच ते. ऑक्सिटोसीन.

आबा म्हणजे त्यांचे वडील, वय वर्षे ७८. दीड वर्षापासून त्यांचा विसराळूपणा वाढत चालला होता आणि गेल्या दोन महिन्यांत तर ते पोटच्या मुलालाच "पाहुणं, कुठल्या गावचं तुम्ही?" असे अदबीने विचारू लागले होते. मुलाच्या मोबाइलवर कुणीतरी एक चित्रफीत पाठवली. परदेशातल्या शास्त्रज्ञांनी ओळख न राहणाऱ्या उंदरांच्या मेंदूत एक संप्रेरक सोडले आणि त्या उंदरांना ओळख पटू लागली, असे तीत सांगितले होते. संप्रेरकाचे नाव त्यांनी दोनतीनदा ऐकून कागदावर लिहून घेतले आणि गोठ्यातल्या बाटलीशी ताडून पाहिले. "म्हटलं, औषध तर आपल्या घरातच हाय," ते म्हणाले. मग थोडे थांबून आणखी एक गोष्ट सांगितली. "आबा मला वळखत न्हाईत, पण म्हस आबांना वळखती. मी धारंला बसलो की पान्हा चोरती. आबांनी नुसता पाठीवर हात ठेवला की सोडती."

मला हसू आले नाही. चित्रफितीत सांगितलेले खोटे नव्हते आणि या गृहस्थांनी त्यावरून बांधलेला तर्कही अडाणीपणाचा नव्हता. मात्र त्या तर्काचे शेवटचे पाऊल आबांच्या जिवावर बेतणारे होते. ते का, हे समजायचे तर प्राण्यांना एकमेकांची ओळख राहते ती कशामुळे, हे आधी पाहायला हवे.

पान्ह्याचे रसायन

संप्रेरक म्हणजे हार्मोन. ऑक्सिटोसीन तयार होते ते मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागात, आणि साठवले जाते ते त्याला देठाने लटकलेल्या पीयूषिका ग्रंथीत. वासराने कासेला ढुशी दिली की मज्जातंतूंमार्फत मेंदूला वर्दी जाते, ग्रंथीतून ऑक्सिटोसीन रक्तात उतरते, कासेतले बारीक स्नायू आवळतात आणि दूध खाली येते. यालाच आपण पान्हा फुटणे म्हणतो. इंग्लंडचे हेन्री डेल यांनी १९०६ मध्ये पीयूषिका ग्रंथीच्या मागच्या भागाच्या अर्काने मांजरीचे गर्भाशय आकुंचन पावते हे दाखवले, तिथून या संप्रेरकाची कथा सुरू होते. अमेरिकेतील व्हिन्सेंट डू विनो यांनी १९५३ मध्ये ते प्रयोगशाळेत बनवले आणि १९५५ चे नोबेल पारितोषिक मिळवले. आज बाळंतपणात कळा याव्यात म्हणून आणि बाळंतिणीचा रक्तस्राव थांबावा म्हणून आम्ही ते देतो. त्याने असंख्य मातांचे प्राण वाचवले आहेत. औषध वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आता म्हशीकडे वळू. गाईंना परक्या जागी नेऊन धार काढली तर त्यांच्या रक्तात ऑक्सिटोसीन नीट उतरतच नाही, असे मोजमाप करून दिसून आले आहे. दूध कासेत असते, पण मेंदू परवानगी देत नाही. म्हणजे आबांच्या हाताला म्हैस पान्हा सोडते ती काही माया दाखवायची म्हणून नव्हे. ओळखीच्या माणसाजवळ तिच्या मेंदूचा पहारा सैल होतो, एवढेच.

ओळखीमुळे संप्रेरक सुटते हे गवळ्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. म्हणून तर वासरू दगावले की त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते गाईपुढे ठेवीत. नवी गोष्ट आहे ती याच्या उलटी: संप्रेरकामुळे ओळख जुळते.

माझ्या हातून घडलेला एक गुन्हा इथे कबूल करतो. मी सातआठ वर्षांचा असताना आमची एक शेळी परसात व्याली. मी ते ओले करडू पोत्यात गुंडाळून शेजारच्या पोरांना दाखवायला नेले आणि दोनएक तासांनी परत आणले. शेळीने त्याला हुंगले आणि सरळ शिंग मारले. आजीने माझ्या पाठीत धपाटा घातला आणि पुढचे आठ दिवस शेळीला खुंटीला आखूड बांधून, पाय धरून ते करडू पाजले. "आईनं चाटायच्या आधी उचलायचं नसतं रे," एवढेच ती म्हणाली. का उचलायचे नसते, हे मला पुढे पंचवीस वर्षांनी वाचनातून कळले. अमेरिकेत पीटर क्लॉपफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये नेमका हाच प्रयोग जाणूनबुजून केला होता. व्यायल्यावर अवघी पाच मिनिटे करडाजवळ राहू दिलेल्या शेळ्यांनी ते काही तास दूर ठेवून परत आणले तरी जवळ घेतले. ज्यांना ती पाच मिनिटे मिळाली नाहीत, त्यांतल्या बहुतेकींनी करडाला झिडकारले.

पाच मिनिटांत असे काय घडते? केंब्रिजचे बॅरी केव्हर्न, कीथ केंड्रिक आणि फ्रान्समधील त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंढ्यांवर वर्षानुवर्षे काम करून याचा छडा लावला. कोकरू बाहेर पडताना जननमार्ग ताणला जातो, त्या ताणाची वर्दी मेंदूला मिळते आणि ऑक्सिटोसीन दोन वाटांनी सुटते. एक वाट रक्ताची, जी गर्भाशयाकडे आणि कासेकडे जाते. दुसरी मेंदूतल्या मेंदूतच, आणि तिचे एक टोक वास ओळखणाऱ्या भागात पोहोचते. तिथल्या पेशी तेवढ्या काळापुरत्या ओल्या मातीसारख्या होतात. समोर असलेल्या कोकराच्या वासाचा ठसा त्यांत उमटतो आणि एकदोन तासांत पक्का होतो. त्यानंतर तीच मेंढी दुसऱ्याच्या कोकराला कासेजवळ फिरकू देत नाही. १९८७ मध्ये तर गाभण नसलेल्या, पण आधी दुसरी संप्रेरके देऊन तयार केलेल्या मेंढ्यांच्या मेंदूतील पोकळीत ऑक्सिटोसीन सोडले गेले, आणि त्या थोड्याच वेळात परक्या कोकराला चाटू लागल्या. उलट पक्षी, विताना पाठीच्या कण्यात भूल दिलेल्या मेंढ्या, विशेषतः पहिलटकरणी, कोकराकडे दुर्लक्ष करताना आढळल्या.

(हे वाचून सिझेरियन झालेल्या किंवा कण्यात भूल घेतलेल्या भगिनींनी जिवाला घोर लावून घेऊ नये. मेंढीचे सगळे गणित वासावर आणि त्या दोन तासांवर चालते. माणसाच्या आईला बाळाची ओळख व्हायला डोळे, कान, हात आणि पुढचे कित्येक महिने मोकळे असतात. मूल दत्तक घेणाऱ्या आया काय कमी माया करतात?)

आणखी एक, जाता जाता. अक्कल नसलेल्या माणसाला आपण मेंढरू म्हणतो, पण केंड्रिक यांच्याच गटाने २००१ मध्ये दाखवले की मेंढ्या पन्नास निरनिराळ्या मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षांहून अधिक काळ लक्षात ठेवतात. माझ्याच्याने हे होईल की नाही, शंका आहे.

उंदीरमामांची परीक्षा

आता त्या चित्रफितीतल्या उंदरांकडे येऊ. उंदीर एकमेकांना ओळखतो तो मुख्यतः वासाने. त्याची परीक्षा घ्यायची पद्धत फार सोपी आहे. पिंजऱ्यात नवा पाहुणा सोडायचा आणि घरातला उंदीर त्याला किती वेळ हुंगतो ते घड्याळ लावून मोजायचे. थोड्या वेळाने तोच पाहुणा पुन्हा सोडायचा. या खेपेला हुंगणे आटोपशीर होते. "हा तर मघाचाच," असे जणू तो म्हणतो. पाहुणा बदलला तर पुन्हा सविस्तर चौकशी.

अटलांटा येथील एमरी विद्यापीठात जेनिफर फर्ग्युसन, लॅरी यंग, थॉमस इन्सेल आदींनी जन्मतःच ऑक्सिटोसीन बनवू न शकणारे उंदीर घेतले आणि २००० साली त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. या उंदरांना तोच पाहुणा पुनःपुन्हा भेटवला तरी ते दर वेळी पहिल्यासारखेच सविस्तर हुंगत. गंमत अशी की त्यांचे नाक शाबूत होते. वासावरून खाऊ शोधता येत होता, जागाही लक्षात राहत होत्या. हरवली होती ती फक्त सोबत्याची ओळख. शास्त्रज्ञांनी याला सामाजिक विस्मृती असे नाव दिले. आबांचे वर्णन ऐकताना मला याच उंदरांची आठवण झाली. विळा कुठे खोचला आहे ते आबांना बरोबर माहीत असते. तो आणून हातात देणारा कोण, हे माहीत नसते.

मग या उंदरांच्या मेंदूत ऑक्सिटोसीन सोडले तेव्हा त्यांना ओळख राहू लागली. चित्रफीत इथेच संपली असणार. खरी मेख पुढे आहे. २००१ मध्ये त्याच गटाने असे दाखवले की संप्रेरक पाहुण्याच्या पहिल्या भेटीआधी दिले तरच उपयोग होतो. भेट उरकल्यावर दिले तर काही उपयोग नाही! म्हणजे हे संप्रेरक आठवण बाहेर काढत नाही, ती रुजवायला मदत करते. पेरणी होऊन गेल्यावर पाभर चालवून काय उगवणार?

ऑक्सिटोसीनला एक सख्खा भाऊ आहे, व्हासोप्रेसीन. दोघांच्याही साखळीत नऊ नऊ अमिनो आम्ले असतात आणि त्यांतली दोनच काय ती वेगळी. या भावाचे शरीरातले नेहमीचे काम म्हणजे मूत्रपिंडाकडून पाणी वाचवून घेणे. मेंदूत मात्र तोही ओळखीच्या खात्यात नोकरीला आहे. स्मृतीशी संबंधित असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागात सीए-टू नावाचा एक चिंचोळा पट्टा आहे. न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठात फ्रेडरिक हिट्टी आणि स्टीव्हन सिगलबॉम यांनी २०१४ मध्ये उंदरांचा हा एवढासा पट्टा निकामी केला, तर बाकीची स्मरणशक्ती जवळजवळ जशीच्या तशी राहून सोबत्यांची ओळख तेवढी गेली. २०१६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील स्कॉट यंग यांच्या गटाने याच्या पुढची मजल मारली. हायपोथॅलॅमसमधून या पट्ट्यात येणारे व्हासोप्रेसीनचे तंतू त्यांनी प्रकाशाच्या साहाय्याने उद्दीपित केले. एरवी एखाद्या दुसऱ्या तासात पुसली जाणारी पाहुण्याची ओळख सात दिवसांनंतरही टिकली. मध्येच दुसरा उंदीर आणून गोंधळ घातला तरी ती बिघडली नाही. पण इथेही तीच अट. पहिल्या भेटीच्या वेळी तंतू उद्दीपित केले तरच. ओळख आठवायच्या वेळी केले तर शून्य.

आणखी एक साधाच प्रयोग मला या सगळ्यांत जास्त महत्त्वाचा वाटतो. कोगान, फ्रँकलंड आणि सिल्व्हा यांनी २००० साली पाहिले की घोळक्यात वाढवलेल्या उंदरांना पाहुणा आठवड्यानंतरही ओळखू येतो, आणि पिंजऱ्यात एकटे ठेवलेल्यांची ओळख लवकर पुसली जाते. त्यासाठी ना इंजेक्शन लागले ना प्रकाशकिरण.

बाटली टेबलावरच राहिली

यातले जमेल तेवढे मी त्या गृहस्थांना सांगितले. आबांच्या मेंदूत मुलाची ओळख पन्नास वर्षांपूर्वीच पेरली गेली आहे. ती ठेवलेल्या जागेची पडझड होते आहे. संप्रेरक ती पडझड लिंपत नाही. दुसरे असे की, दंडात किंवा कमरेत टोचलेले ऑक्सिटोसीन मेंदूत जवळजवळ पोहोचतच नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये निसर्गाने एक कडक नाका बसवला आहे. म्हणून तर मेंढ्यांना आणि उंदरांना ते थेट मेंदूत द्यावे लागले. मेंदूत न पोहोचलेले औषध मग शरीरात धुमाकूळ घालते. मोठ्या मात्रेत रक्तदाब एकदम घसरतो, आणि भाऊबंदकीमुळे ऑक्सिटोसीन हे व्हासोप्रेसीनचेही काम करू लागते: पाणी अडवते, रक्तातले मीठ म्हणजे सोडियम पातळ होते, झापड येते, झटके येतात. बिनलेबलाच्या बाटलीत मात्रा किती, हे तर देवालाच ठाऊक. (दूध वाढवण्यासाठी जनावराला अपाय करणारा पदार्थ टोचणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, हेही मी त्यांना सुनावले. ते खाली बघत राहिले.)

"मग माणसांवर कुणी करूनच बघितलं न्हाई का?" त्यांनी विचारले. बघितले आहे. उट्रेख्टचे डेव्हिड डी वीड यांनी १९६० च्या दशकापासून उंदरांच्या स्मृतीवर व्हासोप्रेसीनचा परिणाम दाखवला, तेव्हा जगभर मोठी आशा उत्पन्न झाली होती. नाकात फवारे मारून प्रयोग झाले, पण स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना भरवशाचा फायदा काही झाला नाही. स्वमग्न मुलांवर ऑक्सिटोसीनच्या फवाऱ्याची मोठी चाचणी अमेरिकेत झाली, २९० मुले आणि २४ आठवडे. २०२१ मध्ये निकाल आला: नुसत्या फवाऱ्यापेक्षा औषधी फवारा सरस ठरला नाही. एवढेच काय, जन्मभर एका जोडीदाराशी राहणारे प्रेअरी व्होल नावाचे अमेरिकन रानउंदीर हे ऑक्सिटोसीनच्या कर्तबगारीचे आजवरचे ठळक उदाहरण. २०२३ मध्ये त्यांच्या मेंदूतील ऑक्सिटोसीन पकडणारी कुलुपे जन्माआधीच काढून टाकली, तरी त्यांनी जोड्या जमवल्याच. तेव्हा बाजारात "प्रेमाचे हार्मोन" म्हणून काही विकायला आले तर खिशाला हात घालण्यापूर्वी दहादा विचार करा.

एवढे बोलून मी आबांना घेऊन या म्हणालो. बाटली टेबलावरच राहिली.

दोन दिवसांनी आबा आले. बसल्या जागी पेंगत होते. चाल अडखळत होती. त्यांची औषधांची पिशवी उलटी केली, तर रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी एक गोळी होती आणि ती चिठ्ठी माझ्याच अक्षरातली होती, तीन महिन्यांपूर्वीची. रक्त तपासायला पाठवले. सोडियम १३५ ते १४५ असायला हवे, आबांचे १२४ भरले. या गोळ्यांनी वृद्धांचे सोडियम उतरू शकते आणि शरीरातले व्हासोप्रेसीन पाणी अडवून त्यात भर घालते. मुलाने त्या बाटलीतले इंजेक्शन मला न विचारता टोचले असते, तर मीठ आणखी पातळ झाले असते. गोळी सुरू केल्यावर पंधरा दिवसांनी सोडियम पाहायला हवे होते, ते मी पाहिले नव्हते. मी तसे त्या दोघांना सांगितले.

घरात वृद्ध माणूस ओळख विसरू लागले तर ते वयामुळेच आहे असे धरून चालू नका. विशेषतः बिघाड दोनचार आठवड्यांत वाढला असेल, तर सोडियम, थायरॉइड, बी-बारा जीवनसत्त्व तपासून घ्या. झोपेच्या आणि सर्दीच्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा. कानातला मळ आणि डोळ्यांतला मोतीबिंदू पाहून घ्या, कारण आवाज आणि चेहरा आत पोहोचलाच नाही तर ओळख कशी पटणार? "सांगा बरं मी कोण?" अशी परीक्षा घेऊ नका. समोरून जा, उजेडात उभे राहा आणि आपले नाव आपणच सांगा.

गोळी बंद करून आबांचे सोडियम हळूहळू वर आणले. घाईने चढवणेही धोक्याचे असते. पेंग गेली, चाल सुधारली. मूळचा स्मृतिभ्रंश आहेच, तो गेलेला नाही. मुलगा परवा भेटला. आता रोज संध्याकाळी तो आबांना गोठ्यात घेऊन जातो. आबा म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहतात आणि तो धार काढतो. इंजेक्शन बंद आहे. आठवड्यातून एकदोन दिवस आबा त्याला नावाने हाक मारतात. बाकीच्या दिवशी काय म्हणतात, असे मी विचारले.

"पाहुणंच म्हणत्यात," तो म्हणाला. "पण काल म्हणाले, पाहुणं, हात चांगला बसलाय तुमचा."